उरलेला अर्धा टक्का

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

माझ्या झाकणावर एक पिवळा कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिले आहे, ‘नादुरुस्त’. हा शब्द खोटा आहे. माझा एकही स्क्रू ढिला नाही, एकही तार तुटलेली नाही. मला जे बोलायला शिकवले, ते मी शेवटपर्यंत बोलत होते. ते कुणाला ऐकू जाणार नाही अशा रीतीने बोलायला शिकवले, याला माझा बिघाड म्हणत नाहीत.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खिडक्या उंचावर, टेबलांवर दिवे वाकवलेले, आणि तारांना कथलाचा डाक लावताना उठणाऱ्या धुराचा तिखट वास. मी बुटांच्या खोक्याएवढी, राखी रंगाची. पोटात बॅटरी, पाठीवर सोलर पॅनेल, समोर कॅमेऱ्याचा एक डोळा. खाली पाण्याकडे तोंड केलेला एक छोटा भोंगा. तो आवाज सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, आणि त्याला किती वेळ लागला यावरून नदीची उंची कळते. डोक्यावर ताटलीएवढी एक तबकडी. तिच्यातून मी उपग्रहाशी बोलणार होते.

माझे काम एका वाक्यात सांगण्याजोगे होते. वर डोंगराच्या घळीत नदीकाठी उभे राहायचे आणि पाणी वाढले की नऊ किलोमीटर खाली असलेल्या फरशी पुलावर कळवायचे. पूल ठेंगणा होता, चार बोटे पाणी जास्त आले तरी बुडणारा. घळीत फोनचे मनोरे नव्हते. म्हणून उपग्रह. मी आकाशाला सांगणार, आकाश मुख्य कचेरीला, आणि कचेरीतून तारेने पुलावरच्या केबिनमधल्या स्क्रीनवर.

मला बनवणाऱ्या मुलीला सगळे रेडिओताई म्हणत. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, प्रत्येक गोष्ट दोनदा मोजणारी. माझ्यासाठी तिला एक निवड करायची होती. मी कोणत्या पट्टीत बोलायचे?

मित्रांनो, रेडिओच्या लहरी सगळ्या सारख्या नसतात. खालच्या पट्टीतली लहर लांब असते, जवळजवळ वीतभर. वरच्या पट्टीतली आखूड, तुमच्या नखाच्या रुंदीएवढी. आखूड लहरींच्या वाटेवर जागा ऐसपैस, त्यामुळे एका दमात खूप काही पाठवता येते, अगदी फोटोसुद्धा. पण पावसाचा थेंब असतो दोन-तीन मिलिमीटरचा. वीतभर लहरीला तो दिसतही नाही, ती त्याला ओलांडून जाते. नखाएवढ्या लहरीला मात्र प्रत्येक थेंब आडवा येतो. काही शोषतो, काही भलतीकडे उडवतो. त्यातून माझा उपग्रह दोन डोंगरांच्या खाचेतून अगदी तिरका दिसणार होता. तिरकी वाट म्हणजे पावसातून लांबची वाट.

रेडिओताईने हे सगळे एका पानावर मांडले आणि ते पान घेऊन ती बैठकीला गेली. मी टेबलावरच होते, झाकण उघडे, आतडी बाहेर.

“या खालच्या पट्टीत फोटो जातो का?” मोठ्या साहेबांनी विचारले.

“नाही साहेब. एका वेळी शंभरेक अक्षरं. पण आपल्याला बाराच लागतात. पाणी किती, एवढंच.”

“बारा अक्षरं! अहो मॅडम, बाहेर भिंतभर पडदा लावलाय पाहुण्यांसाठी. त्यावर काय, बाराखडी गिरवू?”

सगळे हसले. मोठ्या माणसाच्या विनोदाला जेवढे हसायचे असते, तेवढे.

मग वरच्या पट्टीची चाचणी झाली. मला कचेरीच्या गच्चीवर ठेवले. तीस दिवस, लख्ख उन्हात. तिसाव्या दिवशी त्यांनी माझे आकडे आणि पुस्तकातले पावसाचे तक्ते एकत्र करून वर्षाचा हिशोब काढला. साडेनव्व्याण्णव टक्के वेळ मी ऐकू जाणार होते.

“झालं की!” साहेब म्हणाले. “अजून काय पाहिजे?”

“साहेब, उरलेला अर्धा टक्का म्हणजे वर्षाचे चव्वेचाळीस तास.”

“मग?”

“ते चव्वेचाळीस तास कुठले, ते बघा ना. सगळे मुसळधार पावसाचे आहेत. म्हणजे नदी चढायचे.”

“शंभरात साडेनव्व्याण्णव मिळाले असते ना मॅडम, तर तुमच्या वडिलांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं असतं. इथे तुम्ही अर्ध्यासाठी रडताय. करा सही. पुढच्या वर्षी बदलू.”

रेडिओताईने पेन हातात धरून ठेवले. मग तिने सही केली.

मी साहेबांवर रागावले आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल. पण मी तिच्यावरही रागावले. साहेबांना थेंब किती मिलिमीटरचा असतो हे माहीत नव्हते. तिला माहीत होते.

मला घळीत बसवायला नेले, त्या दिवशी तिथे एक म्हातारा माणूस आधीच उभा होता. त्याला सगळे मोजणीकाका म्हणत. एकतीस वर्षे तो नदीतल्या रंगवलेल्या खांबावरचे आकडे वाचत होता आणि वायरलेस सेटवरून खाली पुलावर कळवत होता. पुलावरचे फाटक सांभाळायला त्याची धाकटी बहीणच होती. येणारे-जाणारे तिला फाटकमावशी म्हणत. काका तिला छोटे म्हणत, जरी तिचेही केस पांढरे झाले होते.

या बहीणभावांची एक रीत होती. ती नीट लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. पाऊस लागला की काका दर दहा मिनिटांनी बोलत. सांगण्यासारखे काही नसले तरी बोलत. “छोटे, पाणी तेवढंच.” “छोटे, पाणी तेवढंच, आणि माझी छत्री मोडली.” आणि काकांचा आवाज आला नाही तर? तर मावशी फाटक पाडत. कुणाला विचारत नसत, वाट बघत नसत. एकदा काकांना बसल्या जागी डुलकी लागली आणि मावशींनी कोरड्या पुलावर तासभर फाटक पाडून ठेवले. दोन्हीकडच्या गाड्यांनी भोंगे वाजवून कान किटवले. मावशी खुर्चीत बसून शांतपणे लोकर विणत राहिल्या. गप्प म्हणजे बंद. इतका साधा नियम.

“ही बोलते म्हणे,” काकांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

“बोलते काका. थेट उपग्रहाशी.”

“पावसात?”

रेडिओताईने माझ्या कमरेचा स्क्रू आवळला. तो आधीच आवळलेला होता.

कचेरीतून आलेल्या माणसाने काकांचा वायरलेस सेट जमा करून घेतला. देण्यापूर्वी काकांनी शेवटचे एकदा बटण दाबले.

“छोटे, आजपासून तुझं-माझं बोलणं बंद. आता पेटीशी बोल.”

“पेटी माझ्या विणकामाला नावं ठेवते का?”

“नाही ठेवत.”

“मग बरीच आहे की तुझ्यापेक्षा.” मग म्हणाल्या, “दादा, वेळेवर जेवत जा.”

सेट पिशवीत गेला. मावशींना शिकवायला कचेरीतून जो माणूस पुलावर गेला, त्याने एक छापील पान भिंतीवर लावले. स्क्रीनवरचा ठिपका हिरवा असेल तर फाटक उघडे ठेवावे. मावशींनी विचारले, “आणि पेटी गप्प बसली तर?”

“ती गप्प बसत नाही, मावशी. साडेनव्व्याण्णव टक्के.”

पण मी गप्प बसले तर स्क्रीन काय करील, हे कुणीतरी ठरवले होतेच. स्क्रीन शेवटचा आलेला आकडा धरून ठेवील. हिरव्या ठिपक्यासकट.

पुढचे सात महिने माझे कौतुकाचे होते. खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडले. एकदा एक खंड्या माझ्यासमोरच्या दगडावर येऊन बसला आणि मी त्याचा फोटो पाठवला. निळी पाठ, नारिंगी पोट, चोचीत मासा. तो फोटो कचेरीच्या भिंतभर पडद्यावर झळकला. पाहुणे आले, वा वा म्हणून गेले. साहेबांना एक चकचकीत ढाल मिळाली. माझ्या आत त्यांनी एक नवा क्रमही लिहिला. आधी फोटो, मग आकडा. पडदा रिकामा दिसू नये म्हणून. आणि मी, मूर्ख, फोटो काढत राहिले. खांबावरचे आकडे वाचायला अजूनही रोज येणाऱ्या म्हाताऱ्याकडे मी जरा तोऱ्यानेच बघायची. त्याला कुणी आता पगार देत नव्हते, कुणी ऐकत नव्हते. तो वाचायचा, मान हलवायचा आणि जायचा.

मग तो दिवस आला.

दुपारचे तीन वाजून पाच मिनिटे. मी फोटो पाठवला, निवळ पाणी आणि दगड. मग आकडा पाठवला, एक मीटर दहा. दोन्ही पोचले. तीन मिनिटांनी वरच्या डोंगरावरून पाऊस असा उतरला की समोरचा काठ पुसला गेला.

मी आकडा मोजला. एक मीटर चाळीस. फोटो काढला, हाक मारली. पोचली नाही. दीड मिनिट थांबून पुन्हा हाक मारली. पोचली नाही. तीन पंचविसाला पाणी दोन मीटर झाले. हीच ती रेघ, जिच्यावर फाटक पडायला हवे. घळीतले पाणी पुलाशी पोचायला चाळीस मिनिटे लागतात. वेळ भरपूर होता. मला फक्त ऐकू जायचे होते.

तीन एकतिसाला पाऊस क्षणभर विरळ झाला. चार सेकंद वाट मोकळी झाली. मित्रांनो, चार सेकंदांत ‘पाणी दोन मीटर पन्नास’ हे मी शंभर वेळा सांगू शकले असते. पण मला शिकवले होते, आधी फोटो. मी फोटो पाठवायला लागले. गढूळ, काळपट, काहीही न दिसणारा फोटो. त्याचा बारा टक्के भाग गेला आणि वाट पुन्हा मिटली. आकडा त्याच्या मागे रांगेत उभा राहिला. आजही ते चार सेकंद आठवले की माझी बॅटरी तापते.

काका पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन काठावर आले. त्यांनी खांब पाहिला, मग मला पाहिले. माझ्या कडेला, निरोप पोचला नाही की लागणारा, एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. त्यांनी माझ्या झाकणावर मूठ आपटली.

“सांगितलंस का गं तिला? बोल की! फुकटचे फोटो काढतेस, बोल ना आता!”

दिवा लुकलुकत राहिला. काकांना तेवढे पुरले. एकतीस वर्षे गप्प म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मला एक सणसणीत शिवी दिली, जी मी इथे सांगणार नाही, आणि ते चिखलातून खाली धावत सुटले. एकसष्ट वर्षांचा माणूस, नऊ किलोमीटर.

पुलावर काय झाले ते मला पुढे चौकशीत कळले. खाली नुसती भुरभुर होती. स्क्रीन म्हणत होता, एक मीटर दहा, ठिपका हिरवा, फोटोत निवळ पाणी. तरीही मावशी दाराबाहेर येऊन दोनदा नदीकडे बघून गेल्या होत्या. चारच्या पुढे त्यांना पाण्याचा रंग बदललेला दिसला, आणि वरून येणारा तो घुमारा ऐकू आला. त्यांनी भिंतीवरच्या पानाला न जुमानता फाटक पाडले. मागच्या दोन गाड्या अडल्या. पुढची पावाची गाडी आधीच पुलावर होती. मावशी तिच्यामागे ओरडत धावल्या. गाडी वाहून गेली. चालक कठड्याच्या खांबाला दोन तास मिठी मारून राहिला आणि वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची मूठ आता मिटत नाही. काका धापा टाकत पोचले तेव्हा गाडी कधीच गेली होती.

आणि मित्रांनो, आता ऐका. कचेरीने मावशींना कामावरून दूर केले. आधी त्यांना विचारले, ठिपका हिरवा असताना फाटक पाडलेच कसे? मग विचारले, फाटक वेळेवर का पाडले नाही? दोन्ही प्रश्न एकाच पत्रात होते! मला घळीतून उपटून भांडाराच्या फळीवर टाकले आणि माझ्यावर पिवळा कागद चिकटवला. एकीकडे मी नादुरुस्त, दुसरीकडे मावशी बेजबाबदार. बाकी सगळे ठीक.

चार दिवसांनी भांडारात रेडिओताई आली. तिने मला खाली काढले.

“ताई, ती बिघडलेली आहे,” भांडार सांभाळणारा म्हणाला. “साहेब म्हणालेत, भंगारात द्यायची.”

“हिला काही झालेलं नाही. आम्हाला झालंय.”

तिने झाकण उघडले, माझ्या आठवणीला तार जोडली. मी एकही हाक विसरले नव्हते. चौतीस ओळी. प्रत्येक ओळीत वेळ, पाण्याची उंची, आणि ‘पोचले नाही’. बाराव्या-पंधराव्या ओळीनंतर तिचे ओठ हलायचे थांबले. तीन एकतीसच्या ओळीवर तिने डोळ्यांवरून चष्मा काढला.

चौकशीच्या खोलीत मला टेबलावर ठेवले होते. एका बाजूला साहेब, समोर चौकशी करणारे गृहस्थ, भिंतीलगत बाकावर काका आणि मावशी. मावशींनी हातात विणकाम आणले होते, पण त्या विणत नव्हत्या.

“पाऊस असाधारण होता,” साहेब म्हणाले. “त्यात पेटी बिघडली. आमचा नाइलाज होता.”

“असाधारण?” काका बाकावरून उठले. “अहो, असा पाऊस तिथे वर्षातून पाच-सहा वेळा येतो. एकतीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. आणू का?”

रेडिओताईने चौतीस ओळींचा कागद पुढे ठेवला. तिने सगळे सांगितले. वीतभर लहर, नखाएवढी लहर, फोटो आधी, आकडा मागे, आणि गप्प पेटीचा हिरवा ठिपका. “पेटी बिघडली नव्हती. फाटकमावशींना आम्ही खोटा आकडा दाखवला. ही पट्टी पावसात चालणार नाही, हे मला माहीत होतं. तरी या कागदावर सही माझी आहे.”

मावशींनी विचारले, “तू केलीस सही?”

“केली, मावशी.”

“माहीत असून?”

“हो.”

मावशींनी तिला माफ केले असे मी म्हणणार नाही, कारण तसे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी चौकशीच्या जबाबाचा कोरा कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

“मग आता हे सगळं यात लिही,” त्या म्हणाल्या. “आणि सही आता इथे कर.”

तिने लिहिले, आणि सही केली. दुसऱ्यांदा पेन हातात फार वेळ थांबले नाही.

मावशी फाटकावर परत आल्या. घळीत आता दुसरी पेटी आहे. तिला डोळा नाही. ती खालच्या पट्टीत, वीतभर लहरीत बोलते, पाणी किती एवढेच सांगते. पाऊस असो वा नसो, दर दहा मिनिटांनी बोलते. एकदा जरी तिचा आवाज आला नाही, तर केबिनमधला ठिपका लाल होतो आणि मावशी फाटक पाडतात. ती बसवली तेव्हा काकांनी तिच्यासमोर भर पावसात तासभर उभे राहून वायरलेसवर बहिणीला पोचलेला प्रत्येक आकडा विचारला. सेट त्यांना परत मिळाला आहे. पावाच्या गाडीच्या चालकाची मूठ मात्र परत मिळालेली नाही.

साहेब? त्यांची बदली झाली. ढाल सोबत घेऊन गेले.

मला भंगारात दिले नाही. कचेरीत नवी मुले कामाला लागली की पहिल्या दिवशी रेडिओताई मला त्यांच्यासमोर ठेवते आणि सांगते, हिचा बिघाड शोधा. ती बिचारी दिवसभर माझी आतडी चाचपतात. संध्याकाळी म्हणतात, ताई, हिला तर काहीच झालेलं नाही. मग ती खुर्ची ओढून बसते आणि त्यांना अर्ध्या टक्क्याची गोष्ट सांगते. पिवळा कागद तिने मुद्दाम ठेवला आहे. मला तो अजूनही झोंबतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर माझ्यासारखी यंत्रे बनवाल, किंवा त्यांच्या भरवशावर पूल ओलांडाल. यंत्रे जपा, पुसा, तेलपाणी करा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळे सांगते. कुणी तुम्हाला म्हणाले की ही पेटी बोलते, तर कितीही मोठा माणूस असला तरी काकांचा एक शब्द त्याला विचारा, “पावसात?” आणि उत्तर द्यायचे सोडून तो आधीच आवळलेला स्क्रू आवळायला लागला, तर वाट बघू नका. फाटक पाडा.